भडंगाचा ‘भ’

सांगलीच्या हळदबाजारात पोते थप्पीला लागण्याआधी त्याच्यावर मार्का उमटतो. पत्र्याचा साचा पोत्यावर दाबून धरायचा, शाईचा ब्रश त्यावरून फिरवायचा आणि साचा उचलायचा, एवढीच ही कृती आहे. ‘व’च्या पोटातला पत्रा गळून पडू नये म्हणून तिथे एक बारीक पट्टी राखलेली असते, त्यामुळे उमटलेल्या अक्षरात एक फट दिसते. जाड, सरळ रेषांचे आणि फटीचे हे अक्षर कोणत्याही कलाशाळेत शिकवले जात नाही. ते पत्रा कापणाऱ्या कात्रीने ठरवले आहे.

या माहितीपटात आता आपण पाहत आहोत ती भिंत गावभागातल्या एका दुकानाची आहे. पेंटरकाकांनी सुताला खडूची पूड चोळली, दोन टोके ताणून धरली आणि मधोमध सूत सोडले. वरची रेघ शिरोरेषेची आणि खालची अक्षरांच्या पायाची; मधल्या पट्ट्याचे त्यांनी नजरेनेच चौकोन पाडले. लिहायचा शब्द आहे ‘हळद’. ‘ळ’ म्हणजे शेजारी ठेवलेली दोन वर्तुळे, तो भूमितीला आनंदाने मानवतो. ‘ह’ मात्र आपली वळणे सोडायला तयार नसतो. चपट्या ब्रशने त्याला कोपरे पाडताना काका तीनदा थांबले, ते तिन्ही थांबे आम्ही मुद्दाम संकलनात ठेवले आहेत.

अक्षराच्या याच जाड, चौकोनी वळणावरून इथली एक तरुण अक्षररचनाकार संगणकासाठी फॉन्ट घडवत आहे. जर्मनीत पाउल रेनर यांचा ‘फ्युचरा’ हा फॉन्ट 1927 साली आला, तेव्हापासून पट्टी आणि कंपासातून निघाल्यासारखे दिसणारे रोमन अक्षर जगभर रुळले. त्यातलीही वर्तुळे आणि जाडी नजरेला समतोल वाटावी म्हणून किंचित बदललेली आहेत, कारण सारख्याच जाडीची आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. देवनागरीत ही अडचण शब्दागणिक भेटते, कारण शिरोरेषा प्रत्येक शब्दावर आडवी पसरलेली असते. म्हणून पडद्यावरच्या आराखड्यात शिरोरेषा कान्यापेक्षा थोडी बारीक आहे. पेंटरकाकांच्या पाटीवरही ती तशीच आहे आणि त्यासाठी त्यांनी कधी माप घेतलेले नाही.

खरी कसोटी लागते ती ‘भडंग’ या शब्दावर. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांत डावीकडच्या वळणाबरोबरच शिरोरेषेतली एक छोटी मोकळी जागा मोठा फरक करते. अक्षर जाड करत गेले की वळण ठोकळ्यात विरते, ती जागा मिटते आणि दुकानात ‘मडंग’ विकायला येते. रचनाकाराने पहिल्या आराखड्यात ‘भ’ची गाठ चौकोनी ठेवली होती, दुसऱ्यात ती तिरकी कापली, तिसऱ्यात अक्षराची रुंदीच वाढवली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाच्या ‘मोदक’ या फॉन्टने वेगळी वाट घेतली आहे: तिथे अक्षर इतके गुबगुबीत आहे की पोटातली पांढरी जागा केवळ रेघेएवढी उरते. इथे मात्र पांढऱ्या जागेलाही ठोकळ्याचाच मान द्यायचा, असे ठरले आहे.

मराठीसाठीचे काम एवढ्यावर संपत नाही. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणे असून महाराष्ट्र शासनाच्या 2009 सालच्या निर्णयानेही तीच ग्राह्य धरली आहेत. तरीही हिंदी वळणाचे फॉन्ट आपण निमूटपणे वापरतो. ‘दुसऱ्या’तला अर्धा ‘र’ स्वतंत्र काढावा लागतो. ‘द्राक्षे’ हा शब्द, म्हणजे तासगावचे नाव घेताच आठवणारा, दोन जोडाक्षरे आणि एक मात्रा घेऊन येतो, तेव्हा ‘क्ष’च्या पोटात चौकोन मावत नाही आणि तिथे नियम मोडावाच लागतो.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ याच गावात रंगवले. पुढे मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाच्या नावाला त्याच्या प्रकृतीचे अक्षर दिले, त्यामुळे मोठे अक्षर दुरून वाचण्याची सवय या गावाच्या प्रेक्षकाला जुनी आहे. नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर आपण नव्या फॉन्टची पहिली चाचणी पाहत आहोत. रस्त्यापलीकडून दोन शब्द वाचता यावेत, यासाठी तो घडवला आहे. दिवाळी अंकातला लेख त्यात लावला तर वाचक दुसऱ्या परिच्छेदालाच पान मिटेल.

फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवण्याचे काम बरेच कमी झाले आहे.

शेवटच्या दृश्यात रचनाकाराने ‘भडंग’ या शब्दाची मोठी छापील प्रत काकांसमोर ठेवली आहे. त्यांनी चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला आणि कानामागची पेन्सिल काढून ‘भ’च्या शिरोरेषेतली मोकळी जागा दोन रेघांनी आणखी रुंद करून दाखवली.