बुवा समोर आले, आता बोलायचं काय?

नमस्कार. डिसेंबरची रात्र. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला एखादा जुना वाडा, दिवाणखान्यात गादीवर पांढरी चादर, समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली पस्तीस-चाळीस माणसं. तानसेन समारोहासाठी गावात आलेले बुवा यजमानांच्या आग्रहाखातर इथे गायले. तुम्ही त्यांना वीस वर्षं ऐकताय. भैरवी संपली, लोक उठले, आणि काकूंनी तुमचा दंड धरून तुम्हाला थेट बुवांसमोर उभं केलं. "बुवा, हा तुमचा केवढा भक्त आहे म्हणून सांगू!" बुवा तुमच्याकडे बघतायत. तुम्ही तोंड उघडता आणि बाहेर पडतं, "फारच छान झालं हं." मग शांतता. मग दोघंही मठ्ठ्याच्या पातेल्याकडे बघायला लागतात.

आजचा व्हिडिओ त्या शांततेबद्दल आहे.

ग्वाल्हेरला हा प्रकार काही नवा नाही. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचे दोन खांब. परंपरेत सांगतात की शिंदे दरबारात बडे महंमद खाँ गायचे, तेव्हा या भावांना आडोशाला बसवून त्यांची गायकी ऐकवली गेली. पुढे एका बैठकीत या दोघांनी खाँसाहेबांच्या समोरच त्यांच्या ताना हुबेहूब गाऊन दाखवल्या. खाँसाहेब एवढे दुखावले की दरबार सोडून गेले म्हणतात. आख्यायिका आहे, तेवढ्याच वजनानं घ्या. पण व्यवहाराची गोष्ट त्यात आहे: ज्याची तान आहे, त्याच्या तोंडावर ती म्हणून दाखवू नये. आजही पार्टीत कुणीतरी बुवांना त्यांचीच बंदिश गुणगुणून दाखवतो. प्रेमानंच दाखवतो. पण बुवांना हसरा चेहरा करून ती संपायची वाट बघत उभं राहावं लागतं.

आता मुळाशी जाऊ. तुमच्या बाजूनं ओळख वीस वर्षांची आहे, त्यांच्या बाजूनं वीस सेकंदांची. तुम्हाला वीस वर्षांचं सगळं दोन मिनिटांत ओतायचंय, आणि त्यांच्याकडे ते धरायला भांडंच नाही. म्हणून त्यांना सहज उत्तर देता येईल असं एकच वाक्य तयार ठेवायचं. बाकी सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आधी वेळ. शेवटचा सा लागला, टाळ्या झाल्या, की लगेच पुढे धावू नका. दोन तास मांडी घालून बसलेल्या माणसाचे पाय बधिर झालेले असतात. घाम आलेला असतो, आणि बाहेर ग्वाल्हेरची थंडी, म्हणून आधी शाल हवी असते. घशाला कोमट पाणी हवं असतं. डोक्यात अजून बैठकच चालू असते. कुठली तान घसरली, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) कुठे धक्का बसला, हे सगळं. एवढ्यात कुणी येऊन हात पकडला, तर माणूस नुसता मान हलवतो. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. खूण सोपी आहे: तंबोऱ्यांवर गवसण्या (कापडी खोळी) चढल्या आणि बुवांच्या हातात चहाचा किंवा पाण्याचा पेला आला, की जा.

(तंबोरा कॅमेऱ्याजवळ घेऊन)

आता हे जवळून बघा, कारण निम्मे अपघात इथेच होतात. हा भोपळा, ही तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी), ही घोडी. तारा घोडीवरून येऊन वर खुंट्यांना जातात. तारेत हे बारीक मणी दिसतायत? सूर केसभर वर-खाली करायचा तो यांनी. हा मणी अर्ध्या बोटानं सरकला तरी तार बेसूर होते. कलाकार गादीवरच बसलेले असताना लोक त्यांच्या पाया पडायला तंबोऱ्यावरून वाकतात, ओढणी किंवा मफलर खुंटीत अडकतो, आणि अर्धा तास लावलेला तंबोरा गेला. पाया पडायचंच असेल तर ते उठून उभे राहिले की, किंवा खुर्चीत बसले की. वाद्याला ओलांडून जायचं नाही. आपल्याकडे ते अपमानाचंही मानतात, आणि पाय लागून भोपळा फुटला तर दुरुस्तीही सोपी नाही.

वादक असतील तर हस्तांदोलन टाळा. सितारियाच्या डाव्या हाताच्या बोटांना तारेच्या खाचा पडलेल्या असतात, उजव्या तर्जनीत दोन तास नखी आवळलेली असते. तो हात तुम्ही जोरात दाबलात तर चेहऱ्यावर जे येतं ते हसू नसतं. नमस्कार पुरे.

हाक काय मारायची? "विदुषी", "पंडित" हे शब्द पत्रिकेतले. समोर मराठी गायिका असतील तर "ताई", बुजुर्ग गवई असतील तर "बुवा" किंवा "पंडितजी", मुसलमान उस्तादांना "खाँसाहेब". आणि तबलजी, संवादिनीवाले, मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य यांनाही आधी नमस्कार करा. हे शिष्टाचार म्हणून तर आहेच, पण तुमच्या पथ्यावरही पडतं: साथीदारांशी बोलताना जीभ मोकळी होते.

आता ते वाक्य. त्यात आज ऐकलेली एकच नेमकी जागा असावी. "विलंबितात (म्हणजे संथ लयीत) तुम्ही समेच्या आधी जरा थांबलात, तेव्हा सगळी खोली थांबली." एवढंच. बुवा यावर काहीतरी नक्की बोलतील, कारण ती जागा त्यांनाही आठवत असते. "फारच छान", "अप्रतिम", "स्वर्गीय" यांना उत्तर एकच असतं: "धन्यवाद." संभाषण तिथेच मेलं.

दोन वाक्यं मात्र जिभेवर येऊच देऊ नका. पहिलं: "अगदी अमुकांसारखं वाटलं." तो अमुक त्यांचा गुरू असेल तर ते आदरानं स्वतःचा कान पकडतील, आणि दुसऱ्या घराण्याचा असेल तर... तुम्ही ग्वाल्हेरात उभे आहात, काय ते समजा. दुसरं: "मला शास्त्रीयातलं काही कळत नाही, पण..." हे नम्र वाटतं, पण यामुळे दमलेल्या माणसाला आता तुमचं सांत्वन करावं लागतं. "नाही हो, कळतं, कान पाहिजे फक्त." हे वाक्य प्रत्येक गायकाचं पाठ असतं.

रागाचं नाव खात्री असल्याशिवाय घेऊ नका. मारवा आणि पूरियाचे स्वर तेच, चलन (स्वरांची चाल) वेगळं. दरबारी आणि अडाणा यांचंही साधारण तसंच. एक खालच्या सप्तकात घुटमळतो, दुसरा वर वर धावतो. दरबारीचं कर्तेपण परंपरेनं तानसेनाकडे जातं, आणि त्यांची समाधी ग्वाल्हेरच्याच हजीरा भागात, इथून काही मैलांवर. त्या गावात दरबारीला अडाणा म्हणालात तर बुवा काही बोलणार नाहीत, मागचा तंबोरेवाला शिष्य मात्र हॉटेलवर जाईपर्यंत हसेल. "तो पहिला राग" म्हणा. कुणी परीक्षा घेत नाही.

फर्माइश हा वेगळाच सापळा आहे. बैठकीच्या सुरुवातीलाच चिठ्ठी येते: "भैरवी होऊ द्या." पाठवणाऱ्याला भैरवी आवडते, बस्स. पण भैरवी म्हणजे बैठकीची सांगता. आठला गाणं सुरू झालं आणि साडेआठला भैरवीची चिठ्ठी, याचा अर्थ "आवरा आता." फर्माइश करायचीच असेल तर आधी यजमानांमार्फत, बैठकीच्या दोन-चार दिवस आधी पोचवा, आणि वेळेचा विचार करा. रात्री दहाला सकाळचा भैरव मागू नये.

त्याहून वाईट म्हणजे जेवणानंतरची. पानं उठली, श्रीखंड झालं, आणि कुणीतरी काका म्हणतात, "बुवा, आता नुसत्या दोनच ओळी, आम्हा घरच्या माणसांसाठी." यात काय काय चुकतं ते सांगतो. भरल्या पोटी दमश्वास खाली उतरत नाही. जेवून लगेच गायलं की आम्ल वर येतं आणि आवाज दुसऱ्या दिवशी बसू शकतो, आणि त्यांना कदाचित उद्या समारोहात गायचंय. तंबोरे बांधलेत, ते उघडून लावायला पंधरा मिनिटं. तबलजींचा हात आमटीत. आणि आधाराला सूर नसताना दोन ओळी म्हणायच्या म्हणजे ज्याची ख्याती सुरासाठी आहे त्याला बेसूर व्हायची जोखीम घ्यायला लावणं. शिवाय नाही म्हटलं की "मोठे झालेत आता" हे ठरलेलं. ही मागणी झाली की यजमानांनी मध्ये पडायचं. "बुवा दमलेत" म्हणायचं, आणि विषय बदलायचा. ते काम पाहुण्याचं नाही.

याच पंगतीत दुसरं: "माझ्या नातीचं जरा ऐका ना." पोरगी कोपऱ्यात लाजून चूर. बुवा खरं बोलू शकत नाहीत, खोटं बोलायची इच्छा नाही. तिला गाणं शिकवायचंय ना? मग विचारायचा प्रश्न असा: "ग्वाल्हेरात कुणाकडे पाठवावं?" याला उत्तर मिळतं. या गावात ते अवघडही नाही. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या पुढाकारानं 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना घरातून पळून गुरू शोधत याच गावी आले होते. योग्य माणसाचं नाव मिळालं तर ते कौतुकाच्या दोन शब्दांपेक्षा पोरीच्या जास्त उपयोगी पडेल.

मोबाइल. फोटो हवा असेल तर आधी विचारा. कॅमेरा उघडून फोन दुसऱ्याच्या हातात द्या, मग बुवांच्या शेजारी उभे राहा. लोक उलटं करतात: खांद्यावर हात टाकतात, मग खिशात फोन शोधतात, मग कुलूप उघडत नाही, मग सेल्फीचा कॅमेरा उलटा. पंचेचाळीस सेकंद बुवा एकच हसू धरून उभे. एक फोटो. "अजून एक, डोळे मिटले" नाही. आणि खांद्यावर हात नाहीच. ध्वनिमुद्रणाचं म्हणाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 38 खाली कलाकाराचे स्वतंत्र हक्क आहेत. घरगुती बैठकीतलं गाणं न विचारता इंटरनेटवर टाकणं हा आगाऊपणा तर आहेच, पण नुसता आगाऊपणाच नाही.

यजमानांसाठी दोन गोष्टी, कारण पुष्कळदा बुवा तिरसट वागले असं आपण म्हणतो तेव्हा खरा दोष खोलीचा असतो.

(हीटरकडे बोट दाखवून)

थंडी आहे म्हणून प्रेमानं हीटर गादीजवळ लावला जातो. तार तापली की सैलावते, तंबोरा उतरतो. तबल्याची पुडी (वरचं कातडं) मात्र कोरड्या उष्णतेनं आवळते, तबला चढतो. म्हणजे एकाच हीटरनं एक खाली, एक वर. मग तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसतात, मागे शिष्य मणी सरकवत बसतात, आणि बुवांच्या कपाळाला आठी. खोली तापवायची तर गाण्याच्या दोन तास आधी तापवा, मग हीटर बंद करा किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. दुसरं, गाण्याआधी थाळीत गजक (तिळाची कुरकुरीत मिठाई) ठेवू नका. हिवाळा, ग्वाल्हेर, गजक, मोह समजू शकतो. पण तिचा कोरडा भुगा घशात अडकतो आणि पहिला आलाप खोकल्यात जातो. कोमट पाणी, हवं तर आल्याचा चहा. गजक डब्यात भरून जाताना द्या.

बिदागीचं पाकीट बंद, जेवणाआधी, आतल्या खोलीत. साथीदारांचं वेगळं द्यायचं की बुवांकडेच, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा. सगळ्यांसमोर शाल-श्रीफळाबरोबर पाकीट दिलं की लोकांचे डोळे जाडी मोजतात.

आणि समजा, एवढं सगळं ऐकूनही तुम्ही गडबडलात. चुकीच्या रागाचं नाव घेतलं, त्यांच्या गुरूंचं नाव दुसरंच सांगितलं. एकदा "माफ करा, चुकलो" म्हणा आणि थांबा. पाच वेळा माफी मागितली की चूक पाचपट होते. शांतता पडली तर सोपा, त्यांच्या कामातला प्रश्न: "आज या थंडीत तंबोरे लागायला त्रास झाला का?" यावर गवई माणूस गप्प बसलेला आम्हाला तरी ठाऊक नाही. दोन-तीन मिनिटं झाली की निघा, स्वतःहून. "येतो बुवा, तुम्ही जेवून घ्या." हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा येतो, त्यात तुमच्याबद्दलचं चांगलं मत आपोआप येतं.

अजून जवळ थांबायची इच्छा असेल तर एक काम आहे. निघताना तंबोरे खाली न्यायचे असतात, आणि लश्करातल्या वाड्यांचे जिने अरुंद. उचलायच्या आधी शिष्याला विचारा, बुवांना नाही. हो म्हणाला तर एक हात भोपळ्याखाली, दुसरा दांडीला. खुंट्यांना धरून उचलायचं नाही. भोपळा अंगाकडे, वळणावर सावकाश. गाडीत ठेवताना खाली उशी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट, आणि तबली वरच्या बाजूला. डिकीत बॅगांच्या खाली तर अजिबात नाही.