तांदळाच्या दाण्याएवढी स्टिक

(दृश्य: टेबलावरच्या दिव्याचा उजेड. चिमट्यात धरलेला प्लास्टिकचा तुकडा.)

चिमट्यात धरलेला हा तुकडा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा आहे. मी बनवत असलेल्या मॉडेलमधली ही कंट्रोल स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा. मॉडेल आहे स्पिटफायरचं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं. वरच्या टोकाला गोल कडं दिसतंय? खऱ्या विमानात वैमानिक हे कडं धरायचा आणि त्यावरचंच बटण दाबून गोळ्या झाडायचा. आता त्याला काळा रंग द्यायचा आहे. पाऊण तास झाला, अजून हात लागतोच आहे. उद्या विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडले, वर पारदर्शक झाकण बसलं, की हे कडं पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या वस्तूची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती, बनवणाऱ्यांमधला हा जुना वाद आहे. काहींच्या मते मॉडेल हुबेहूबच हवं, एक पट्टीसुद्धा इकडची तिकडे चालणार नाही. काही म्हणतात, दिवसभराच्या कामानंतर दोन तास हात गुंतले, मन निवलं, बस्स. त्या हुबेहूबवाल्यांना या छंदात ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. या खिळ्यांची एक फार सुंदर गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

(दृश्य: जुन्या, साध्या किटचे भाग. मोजके तुकडे.)

आधी 1953 साल. ब्रिटनमधल्या एअरफिक्स कंपनीने आपलं पहिलं विमानाचं किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचं खोकं, बाजारात आणलं, तेही स्पिटफायरचंच. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या निर्वासिताने 1939 मध्ये सुरू केलेली ही कंपनी. आधी हवा भरायची रबरी खेळणी बनवायची, मग कंगवे. वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला मिळणारं ते स्पिटफायर दुसऱ्या एका कंपनीच्या किटवरून लहान करून घेतलेलं होतं, आणि आकारात चुकलेलं होतं. पुढे कंपनीने अधिक अचूक स्पिटफायर काढलं. पण ज्या पोरांनी ते पहिलं, चुकलेलं विमान जोडलं, त्यांच्या हातून ते उडालंच की!

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. दिवाळीत अंगणात किल्ला केलाय ना आपण? दगड, माती, पोतं, वर हळीव पेरलेले. दरवाज्यातून आत जाणार नाही एवढा मोठा मावळा, आणि बुरुजाहून उंच सिंहासन. प्रमाण कुणी मोजलं? तरी तो रायगडच होता. आजही त्या किल्ल्यात मला काही चूक दिसत नाही.

आता जरा हिशोब करू. माझ्या पुढ्यातलं किट 1:72 प्रमाणातलं आहे. हे बहात्तर आलं कुठून? इंचाला सहा फूट, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटरच्या आसपास, तो इथे साडेपंधरा सेंटिमीटरवर येतो. पंखावर या बारीक रेघा दिसतायत, पत्र्यांच्या सांध्यांच्या. रेघ 0.2 मिलिमीटर रुंद धरा. तिला बहात्तरने गुणलं की 14 मिलिमीटर होतात. खऱ्या विमानाच्या पत्र्यांत एवढी फट असती, तर तिच्यात बोट गेलं असतं! मापाशी इमान राखायचं तर या रेघा पुसून टाकायला हव्यात. पण पुसल्या की विमान साबणाच्या वडीसारखं दिसतं, डोळा ते खरं मानत नाही. रंगाचंही तेच. मूळ विमानाचा हिरवा जसाच्या तसा दिला, तर एवढ्याशा मॉडेलवर तो जास्तच गडद वाटतो, म्हणून पुष्कळ जण थोडा पांढरा मिसळतात. अचूकपणाच्या पोटातच अशी तडजोड असते, आणि ती नजरेनेच करावी लागते.

(दृश्य: काळ्या रंगाची लाकडी विमानं, दोऱ्याने टांगलेली.)

एके काळी मात्र तडजोड चालणारच नव्हती. 1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांतल्या मुलांकडून लाकडाची 5 लाख मॉडेल मागवली. प्रमाण हेच, 1:72. मॉडेल 35 फुटांवर टांगलं, की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावर जेवढं दिसेल तेवढं दिसायचं. नुसत्या काळ्या आकृतीवरून आपलं कुठलं, शत्रूचं कुठलं, हे सैनिकांनी ओळखायचं होतं. पंखाचा आकार चुकला, तर आपल्याच विमानावर गोळी सुटणार. मुलांना त्याबद्दल मानद हुद्द्यांची प्रमाणपत्रं मिळत. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात कानस मारणारं ते पोरगं काय तन्मय झालं असेल! तिथे अचूकपणा आणि आनंद वेगळे काढताच आले नसते.

आणि हे पाहा. आज रणगाड्यांच्या मॉडेलचं जगभर मानलं जाणारं प्रमाण 1:35 आहे. त्यात अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणं होतात. हे पस्तीस आलं जपानच्या तामिया कंपनीकडून. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं किट केलं. मुलांना तो चालवता यावा म्हणून पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठरवला. प्रमाण मागाहून मोजलं, ते पस्तिसाच्या आसपास निघालं, आणि तेच रूढ झालं. ज्या मापाची एवढी शिस्त पाळली जाते, ते मुळात खेळण्याच्या बॅटरीचं माप आहे. मला हे फार आवडतं.

आता खिळ्यांची गोष्ट.

स्पिटफायर बनत होतं तेव्हा प्रश्न होता, रिव्हेट सपाट मारायचे की टपोऱ्या डोक्याचे? सपाट म्हणजे वेळखाऊ, खर्चिक काम. पण टपोरे वाऱ्याला अडतात. किती अडतात? हे पाहायला विमान बनवणाऱ्यांनी सपाट रिव्हेटवर वाटाण्याची डाळ चिकटवली! एकेका रिव्हेटच्या डोक्यावर एकेक डाळ, आणि विमान उडवलं. वेग ताशी 35 किलोमीटरने कमी झाला. मग थोडी थोडी डाळ काढत पुन्हा उडवत गेले, आणि सपाट रिव्हेट कुठे लागतातच, टपोरे कुठे चालतील, ते ठरलं. पंखांवर सपाट, धडाच्या मागच्या भागावर टपोरे. 1943 पासून धडावरही सपाट आले.

ही गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला खिळे मोजायला कंटाळा येईल का? माझं विमान 1944 नंतरचं, आठव्या मार्कचं, म्हणजे आठव्या आवृत्तीचं, म्हणून मागचं धड गुळगुळीतच ठेवलंय. कारण समजलं की अचूकपणाचं ओझं वाटत नाही. कारण न समजता, कुणी नावं ठेवेल या भीतीने केलेल्या अचूकपणाने मात्र खोकी कपाटात पडून राहतात. अशी न उघडलेली खोकी मी खूप पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे.

(दृश्य: धुरकट झालेलं पारदर्शक झाकण, अगदी जवळून.)

हे झाकण माझ्या हातून गेलं. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि पांढरट धुकं धरतं. घाई केली, पांढरा गोंद वापरला नाही. सगळ्यात बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून घासलं, मग पॉलिश केलं. बरंचसं निवळलं. आतलं काळं कडं आता पुसट दिसतं, पण आहे तिथे.

शेवटचं काम डिकलचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांचं. भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्पिटफायर उडवली. त्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल चिन्हात ब्रिटिश लाल ठिपका नव्हता, कारण जपानी विमानांवरही लाल गोळा असायचा. म्हणून फक्त दोन निळे, एक गडद, एक फिका.

(दृश्य: कोमट पाण्याची बशी. कागदावरून सुटणारं चिन्ह.)

कागद पाण्यात अर्धा मिनिट ठेवला. चिन्ह सुटलं, ब्रशने पंखावर सरकवलं. थोडं डावीकडे. आणखी केसभर. कापडाने पाणी टिपलं, आणि निळं वर्तुळ पत्र्यांच्या रेघांत बसलं.