मध्यमा झाली, आता पुढे? नागपूरच्या गाण्याच्या क्लासांची गोष्ट

नागपुरात संध्याकाळी साडेपाच-सहाला कोणत्याही ले-आऊटमधून एक चक्कर मारा, धरमपेठ म्हणा, नंदनवन म्हणा, मनीषनगर नाहीतर पार बेसा-हिंगण्याकडचे नवे ले-आऊट म्हणा, एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावरून भूप राग ऐकू येतोच. सा रे ग प ध, पाचच सूर, मध्यम नाही, निषाद नाही, आणि दहा-बारा पोरं एकदम गाऊन राहिलीत, त्यातलं एक हमखास वर चढलेलं. पेटी मॅडमसमोर, तानपुरा मोबाईलमधे, चपलांचा ढीग जिन्यात. गेटवर पाटी, गायन, हार्मोनियम, तबला, कीबोर्ड, गिटार, आणि खाली लिहिलेलं, परीक्षेची तयारी करून मिळेल.

आमच्या आई-बाबांच्या वेळेस गाणं शिकायचं म्हणजे सायकल काढून महालात नाहीतर सिताबर्डीकडे जा, तिथे विद्यालय. आता क्लासच घराजवळ आला, त्यामुळे ज्या घरात याआधी कोणीच कधी पेटीला हात लावला नव्हता त्या घरातली पोरं शिकून राहिलीत, आणि ही खरंच खूप मोठी गोष्ट आहे, आधी ते मनापासून सांगतो मग पुढचं.

कारण हे आपोआप नाही झालं. शंभर-सव्वाशे वर्षांआधी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, मर्जी झाली तर एखादी चीज, म्हणजे बंदिश, मिळायची, नाहीतर वर्षानुवर्षं नुसते पलटे, म्हणजे सुरांचा उलटसुलट सराव. आणि साध्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने तर विचारही करायचा नाही. १९०१ मधे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाच्या मर्जीवर नाही, लोकांच्या पैशावर चालणारी शाळा, तिला वेळापत्रक, वर्ग, पुस्तकं. तिकडे पं. भातखंडे देशभर फिरून चिजा गोळा करून राहिले होते, त्या स्वरलिपीत उतरवून छापून राहिले होते, १९२६ ला त्यांच्या पुढाकाराने लखनौला संगीताचं कॉलेज सुरू झालं. पलुस्कर १९३१ ला गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज बेसाच्या क्लासमधली आठ-नऊ वर्षांची मुलगी पहिल्या परीक्षेचा, प्रारंभिकचा, जो फॉर्म भरते ना, तो बहुतेक वेळा याच मंडळाचा असतो. परीक्षेची दोन सत्रं, एक एप्रिल-मेमधे, एक नोव्हेंबर-डिसेंबरमधे.

आता या परीक्षांच्या पायऱ्या बघा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. सात. त्याच्या पुढे अलंकार. पोरगं पाचवीत क्लासला लागलं आणि वर्षाला एक परीक्षा असं धरलं तर सातवीत प्रवेशिका पूर्ण, आठवीत मध्यमा प्रथम, नववीत मध्यमा पूर्ण, आणि विशारद नेमकी दहावी-अकरावीत. हे गणित एकदा कागदावर मांडलं की मग नागपूरच्या कोणत्याही क्लासमधे तीच तक्रार का ऐकू येते ते समजते. प्रारंभिकची बॅच भरभरून, सतरंजीवर बसायला जागा नाही, आणि मध्यमाच्या बॅचमधे तीन जण. कधी दोन. कधी मॅडम आणि एकच मुलगी.

कुठे जातात ही पोरं? एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे. नागपूर हे कोचिंगचं शहर झालंय, पूर्ण विदर्भातून पोरं इथे नीट आणि जेईईसाठी येऊन राहतात, मग इथल्याच पोरांचं तर विचारू नका, आठवीपासून फाउंडेशन, संध्याकाळचे तेच पाच ते आठ, जे गाण्याचे होते. आई-वडिलांना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही, पैसा आणि भविष्य दोन्हीची काळजी असते, पण होते असं की सुटणारी पहिली गोष्ट गाणं असते आणि ती सुटताना कोणी फार बोलतही नाही, फक्त एका महिन्यापासून फी येत नाही.

दुसरं कारण मात्र कमी लोक बोलतात, आणि ते मुलग्यांचं आहे. आवाज फुटणं. आठवी-नववीतला मुलगा, कालपर्यंत काळी पाचमधे, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, मोकळा गात होता, सरांचा लाडका, गणपतीत स्टेजवर पहिला नंबर, आणि एका सकाळी वरचा सा लावायला जातो तर आवाज चिरकतो. बाजूच्या मुली हसतात. पुढच्या आठवड्यात खालचं लावून बघतो तर खालीही बसत नाही, मधेच कुठेतरी तुटते. त्याला कोणी सांगितलेलंच नसते की कंठ वाढून राहिलाय, स्वरतंतू लांब आणि जाड होऊन राहिलेत, हे सहा महिने-वर्ष-दीड वर्ष चालेल आणि मग नवीन आवाज मिळेल, काळी एक असेल, पांढरी दोन असेल, पण मिळेल. त्याला वाटते आपलं गाणं संपलं. आणि परीक्षा तर याच वर्षी आहे! बडा ख्याल, आलाप, तानांसकट.

जाणते गुरू या काळात काय करतात ते आम्ही जवळून पाहिलं. पोराला गायला लावतच नाहीत फार. पट्टी खाली आणतात, वरच्या तार सप्तकाला हात लावू देत नाहीत, सकाळी थोडा हलका मंद्राचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, जोर न लावता. बाकी वेळ पेटी वाजव, तबल्याचे ठेके तोंडपाठ कर, झपताल हातावर दे, रेकॉर्डिंग ऐक आणि कुठल्या मात्रेवर समेला आले ते सांग. म्हणजे गळा बंद असला तरी कान चालू. एक सर तर त्या पोराला लहान पोरांच्या बॅचला साथीला बसवतात, त्यामुळे त्याचा मान राहतो, क्लासला यायला कारण राहते. परीक्षा एक वर्ष पुढे ढकलतात, बस. आम्हाला वाटते हे प्रत्येक क्लासच्या पाटीवर लिहिलं पाहिजे, आवाज फुटला तर येणं बंद करू नका.

मेमधे या क्लासला गेलात तर अजून एक नागपुरी दृश्य दिसते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलर. कूलरचा आवाज इतका की तानपुरा ऐकू येत नाही म्हणून जुळवताना कूलर बंद, पोरं घामाघूम, जुळलं की परत चालू. आणि तबलेवाल्याची वेगळीच परीक्षा, कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणून तबला वर चढलेला असते, कूलरची ओली हवा लागली की पुडी ढिली आणि सूर खाली. हातोडी घेऊन गट्टे ठोकणं दर अर्ध्या तासाला. एप्रिल-मेच्या सत्रात परीक्षा देणारी विदर्भातली पोरं हे सगळं करून पास होतात, हे जरा लक्षात ठेवा.

गुणांबद्दलही बोललं पाहिजे. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पास असल्या की आपल्या राज्यात दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याने क्लास वाढले हे खरं, काही पोरं फक्त त्यासाठी येतात हेही खरं, आणि तरी आमचं मत असं आहे की येऊ द्या. दहा जण गुणांसाठी आले आणि त्यातल्या एकाला भीमपलास रागाचा नाद लागला तर त्यात वाईट काय आहे. वाईट हे आहे की गुण जमा झाले की दार बंद होते, आणि पुढे बोलवायला कोणी नसते.

सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, सगळ्या नागपूरला माहीत आहे, शाळेची गॅदरिंगही तिथेच होतात. गायक-नट वसंतराव जन्मले १९२० मधे मूर्तिजापूरला, पण वाढले इथे, नागपुरात शंकरराव सप्रेंकडे शिकले. पुढे लाहोरला असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, जिथे जे मिळालं ते घेत गेले, आणि इतकं शिकूनही कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते. नोकरी चालू, गाणं चालू. १९६७ ला कट्यार काळजात घुसली या नाटकातले खाँसाहेब महाराष्ट्राने पाहिले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. आज नववीत गाणं सोडणाऱ्या पोराच्या घरी ही गोष्ट कोणी सांगत असेल तर आम्हाला फार आनंद होईल. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृतीत दरवर्षी समारोह करते, मोठमोठे कलाकार येतात, आणि हॉलमधे पांढरे केस जास्त दिसतात. क्लासची पोरं कुठे असतात त्या दिवशी? ट्यूशनला असतात, किंवा त्यांना कोणी सांगितलंच नसते. शिकणारा ऐकत नसेल तर तो शिकतो काय, हा प्रश्न आम्ही जितक्या शिक्षकांना विचारला तितके सगळे आधी गप्प बसले आणि मग म्हणाले, पुढच्या वेळेस पूर्ण बॅच नेतो.

आता थोडं वेगळ्या नागपुरात चला. कारण क्लास म्हणजे संगीत शिक्षण असं म्हटलं तर अर्धं शहर बाहेरच राहते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी. त्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ आहे, पण त्यांनी संगीत शिकवलं ते गावातल्या ओट्यावर. नागपूरच्या आजूबाजूच्या गावात, शहरातल्या वस्त्यांतही, गुरुदेव सेवा मंडळाचं भजन बसते तिथे लहान पोरगं आधी टाळ वाजवते, मग मागे ओळ धरते, मग एक दिवस कोणी आलं नाही म्हणून खंजिरी हातात येते. डाव्या हाताने धरायची, उजव्या हाताची बोटं चामड्यावर, काठाच्या चकत्या आपोआप बोलतात, आणि भजनाची चाल चढली की लय हळूहळू वाढवत न्यायची पण धावू द्यायची नाही, हे धावू न देणं कोणत्या पुस्तकात नाही मिळत. इंदोऱ्याकडे, कामठीकडे, १४ एप्रिलच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी भीमगीतांचे रियाज चालतात, ढोलकवाला, कीबोर्डवाला, कोरस, तिथली पोरं ऐकून ऐकून अशी तयार होतात की कोणतंही गाणं कोणत्याही पट्टीत लगेच उचलतात. दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखो लोकांसमोर ज्यांच्या गाण्याची कॅसेट, सीडी, आता यूट्यूब वाजते, त्यातले कितीतरी असेच शिकले.

आणि लक्षात घ्या, इथे नववीत कोणी सोडत नाही. परीक्षाच नाही तर सुटणार काय. पन्नाशीतला माणूस आणि बारा वर्षांचं पोर एकाच सतरंजीवर बसते. आवाज फुटला तर टाळ घे, म्हणतात, झालं. पण या पोराला राग ओळखता येत नाही, लिपी येत नाही, आणि पुढे संगीतात बीए करायचं म्हटलं तर फॉर्मवर दाखवायला एक कागद नाही. क्लासच्या पोराकडे कागद आहे, पण अचानक कोणी म्हटलं गा रे एक, तर पुस्तक घरी राहिलं म्हणते. दोघांनाही दुसऱ्याकडचं पाहिजे. आमच्या मते नागपूरच्या संगीत शिक्षणाचं पुढचं काम हेच आहे, या दोन सतरंज्या जवळ आणणं.

ते शाळेत सगळ्यात सोपं होऊ शकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे की सहावी ते आठवीत शंभरावर पोरं असतील तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक पाहिजे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कला हा मुख्य अभ्यासाचा भाग म्हटलाय. प्रत्यक्षात कित्येक शाळांत पेटी असते, कपाटात, कुलूप लावून, आणि स्वागतगीतापुरती निघते. तिथे विशारद झालेली मुलगी आणि वस्तीतला ढोलकवाला दादा, दोघांनाही आठवड्यातून दोन तास, नीट मानधन देऊन बोलवलं तर? एलएडीसारख्या कॉलेजांतून संगीत घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना आज घरी क्लास काढणं हाच मोठा मार्ग उरतो, त्यांना शाळेचं काम मिळेल, पोरांना गाणं मिळेल.

ऑनलाइनचंही एक सांगतो, कोरोनानंतर तो क्लास राहिलाच. सकाळी सहाला मॅडम लॅपटॉप उघडतात, समोर अमेरिकेतली नागपूरकरांची नात. आवाज पोचायला उशीर होतो म्हणून दोघींना एकत्र गाता येत नाही, एक गाते, दुसरी म्यूट, तानपुरा ज्याच्या त्याच्या घरी. बेसिक शिकवायला चालते, पण बाजूला बसून श्वास कुठे घेतला ते पाहणं जमत नाही, असं शिकवणारेच सांगतात. तरी गडचिरोलीतल्या एखाद्या पोराला यातून चांगला गुरू मिळत असेल तर आम्ही त्याच्या बाजूने आहोत.

मनीषनगरकडच्या एका मॅडमने एक साधी गोष्ट केली आहे. रविवारी सकाळी एक तास, फक्त नववी ते बारावीची बॅच. परीक्षा नाही, वही नाही, अर्धी फी. ज्याला गायचं त्याने गायचं, ज्याला नाही त्याने ऐकायचं, टेस्ट असेल तर दांडी मारली तरी चालते, पण नाव कटत नाही. पोरं येऊन राहिलीत, सगळी नाही, पण येऊन राहिलीत.

जून-जुलैमधे नवीन बॅच भरतील, तुम्हीही पाचवीतल्या पोराला घेऊन जाल, फी विचाराल, वार विचाराल. तेव्हाच मॅडमना नाहीतर सरांना अजून एक विचारून घ्या, हे पोरगं नववीत गेल्यावर तुमच्याकडे त्याच्यासाठी बॅच आहे का? आणि नसेल तर म्हणा की सुरू करा, आम्ही पाठवतो.