पायलट व्हायचंय? आधी मेडिकल

नमस्कार श्रोतेहो. मोपाला विमानं उतरायला लागल्यापासून पेडणे-डिचोलीकडची मुलं पायलट व्हायचं म्हणतात. पालक लगेच विचारतात, कुठलं फ्लाइंग स्कूल स्वस्त? मी म्हणेन, हे नंतर बघू. आधी डॉक्टर.

डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, आधी वर्ग २ चं (प्राथमिक) आणि मग वर्ग १ चं (कमर्शियल लायसन्ससाठीचं) मेडिकल हातात पडल्याशिवाय कुणाला एक रुपया देऊ नका. चष्म्याने सहसा अडत नाही, रंग ओळखण्यातला दोष मात्र आडवा येऊ शकतो. काजूची बागायत गहाण टाकल्यावर हे कळलं तर बोंबलायचं कुणाच्या नावाने?

आता स्कूल. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर घेऊन. माहितीपत्रकात हे सगळं वर्षभरात होतं! म्हणून गोंदिया असो, बारामती असो, प्रत्यक्ष जा. सकाळी हँगरपाशी उभे राहा. पाच विमानांतली दोन सुट्या भागांची वाट बघत असतील, तर उरलेल्या तिनांवर मुलं किती, इन्स्ट्रक्टर किती, हे विचारा. ऑफिसात नको, तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा. पावसाळ्यात किती दिवस उडायला मिळतं तेही. रखडण्याचा भुर्दंड मोठा असतो: लायसन्सचा अर्ज करताना मागच्या ६ महिन्यांत १५ तास उडालेलं असावं लागतं. मधे खंड पडला की ते तास पुन्हा आपल्याच खिशातून.

परदेशात, म्हणजे अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत, तास भराभर होतात. पण परत आल्यावर लायसन्स इथलं करून घ्यायचं, त्यासाठी डीजीसीएचे पेपर आहेतच. विमान कंपन्यांचे कॅडेट प्रोग्राम महाग. टाइप रेटिंग, म्हणजे ठराविक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, बहुधा त्यातच धरलेलं असतं, एरवी तो वेगळा, लाखांतला खर्च. मात्र नोकरीचं पत्र 'अटी लागू' असतं. त्या अटी वकिलाकडून वाचून घ्या.

कॉमर्सच्या मुलांनी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बारावीचं फिजिक्स आणि गणित द्यावं. डीजीसीएच्या पेपरांतल्या नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्स यांचा अभ्यास म्हापशात घरी बसूनही होतो. पास व्हायला ७० टक्के लागतात. उड्डाण सुरू होण्याआधी हे पेपर काढलेत, तर स्कूलच्या हॉस्टेलचे दोन-चार महिने तरी वाचतील.