साडेचारची नळी

(लेथचा आवाज. हळूहळू मागे पडतो.)

बेळगावातलं शहापूर. जुन्या घराची माडी. एके काळी इथं माग खडखडायचा. आता भिंतीला खुंट्या आहेत आणि खुंट्यांवर बंदुका. दारू नाही, काडतूस नाही. सगळ्या हवेवर चालणाऱ्या.

घराचे मालक उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. नाव सांगायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय. आपण त्यांना काकाच म्हणू.

"बंदूक म्हटलं की लोकं बिचकतात बघा," काका म्हणतात. "जत्रंत फुगं फोडताना कोण बिचकतंय?"

खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेकांची एअरगनशी पहिली भेट जत्रेतच होते. लाकडी फळी, त्यावर रांगेनं फुगे आणि नळी मोडून छर्रा भरून देणारा माणूस. नेम कितीही धरा, छर्रा फळीत. बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मुद्दाम वाकवलेली असते, असा आमचा लहानपणापासूनचा संशय आहे. काकांनी अशीच एक जत्रेतून सुटलेली बंदूक भंगारवाल्याकडून उचलली आणि तिथून हा नाद लागला.

(जवळून: पोलादावरचा शिक्का. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका.)

हा शिक्का ओळखलात? बीएसए सायकलवर पाहिला असेल. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स हा मुळात बंदुकांचा कारखाना. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं लिंकन जेफरीज यांच्या पेटंटवर एअर रायफली काढायला सुरुवात केली. सायकल घराघरात पोहोचली, रायफल काही घरांतच राहिली. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्यांची छावणी होती, त्यामुळे अशा वस्तू या भागात सापडल्या तर नवल वाटू नये.

शेजारची डायना. शिक्क्यात शिकारीची देवी धनुष्य टाकून देते आणि एअरगन डोक्यावर उंच धरते. माझ्या मते कुठल्याही कारखान्याची इतकी निर्लज्ज जाहिरात दुसरी नसेल. कंपनी जर्मनीतल्या रास्टाटची, 1890 सालची. मग या बंदुकीवर 'ग्रेट ब्रिटन' का कोरलंय? काका गालातल्या गालात हसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रं ब्रिटनला गेली आणि नावही गेलं. स्कॉटलंडमधल्या मदरवेलमध्ये मिलब्रो कंपनी 'डायना' विकू लागली. खुद्द जर्मन कंपनीला ब्रिटनमध्ये आपला माल 'ओरिजिनल' या नावानं विकावा लागला. स्वतःचं नाव तिला 1984 मध्ये परत मिळालं. माणसं एकीकडे आणि पाटी दुसरीकडे, हे बेळगावकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी मात्र आपल्याच घरची. दस्त्याच्या जवळ तीन अक्षरं: आयएचपी. म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये काढलेली, सिमेंटचे नळ बनवणारी कंपनी. तिनं एअरगनही बनवल्या. नळवाल्यांनी नळी बनवली, यात तसं वावगं काही नाही.

(काका स्क्रू सोडवतात. नळकांड्यातून लांब स्प्रिंग बाहेर येते.)

आत काय असतं? स्प्रिंग, दट्ट्या आणि दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याची वाटी. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, समोरची हवा दाबली जाते आणि तीच छर्ऱ्याला ढकलते. पन्नास वर्षं पडून राहिलं की चामडं वाळतं, चिरतं, हवा निसटते. असं वॉशर बाजारात मिळत नाही. काका अथणीच्या कोल्हापुरी चपला करणाऱ्याकडून जाड चामडं आणतात, कापतात, दोन दिवस तेलात भिजवतात आणि स्वतः वळवलेल्या साच्यात दाबून बसवतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं इंग्लंडच्या बंदुकीत!

आणि नेमका इथंच कायदा येऊन उभा राहतो.

1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची व्याख्या फक्त दारूपुरती नाही. स्फोटकानं 'किंवा अन्य ऊर्जेनं' काही फेकणारं शस्त्र म्हणजे बंदूकच. म्हणजे काकांची सगळी भिंत व्याख्येत बसते. सुटका आहे ती नियमांत. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नसेल आणि नळीतून निघणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर नसेल, तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 280 मीटर वेगानं सुटला की 20 ज्यूल होतात. काकांच्या म्हाताऱ्या बंदुका त्याच्या आसपासही जात नाहीत. पण दोन्ही अटी पाळाव्या लागतात. साडेपाच मिलिमीटरची नळी असेल, तर बंदूक कितीही दमेकरी असो, परवाना हवाच.

जुन्या वस्तूंसाठी कलम 45 आहे. कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं शस्त्र वापरता येत नसेल, तर त्याला कायद्यातून सूट. फक्त एक मेख आहे. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, असं ते हवं. इथं तर सगळा अडसर चामड्याच्या एका वाटीचा!

कायदा केंद्राचा, त्यामुळे कर्नाटकातल्या खानापुरात आणि महाराष्ट्रातल्या चंदगडात तोच. परवाना कर्नाटकापुरताच असेल, तर शिनोळीजवळ सीमा ओलांडताच अडचण, एवढाच सीमेचा फरक. आणि होला-पोपट टिपणं हा पोरखेळ नव्हे, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. भीमगडच्या अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय कसलंच शस्त्र न्यायचं नाही.

(दार वाजतं. खानापूरकडचा एक शेतकरी, हातात पोत्यात गुंडाळलेली लांबट वस्तू.)

"आज्जाची हाय. पेटीत पडलेली. जरा चालू करून द्या की. माकडं भुईमूग ठेवत न्हाईत."

काका उत्तर देत नाहीत. बंदूक सांध्यात मोडून उघडतात, नळी खाली धरतात आणि डब्यातला साडेचारचा एक छर्रा मागच्या तोंडातून आत सोडतात.

छर्रा कुठंही न अडकता सरळ खाली येतो, काकांच्या तळहातावर.

"साडेपाच हाय ही," काका म्हणतात, आणि वॉशरांच्या डब्याचं झाकण लावतात. "वकिलाला इचारा आधी. कागद झाल्याबिगर मी स्क्रूला हात लावणार न्हाई."