सभासदत्व आणि पगार : महापालिका कर्मचाऱ्यांच्या वेतनन्यायाविषयी

(शाहू स्मारक भवन, कोल्हापूर येथील व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, संघटनेचा सभासद असलेल्या आणि नसलेल्या महापालिका कर्मचाऱ्याला सारखाच पगार का मिळावा, असा प्रश्न कामगारांच्या बैठकांत वारंवार विचारला जातो. त्यामागचा राग समजण्यासारखा आहे. वर्गणी एकाने भरायची, मोर्चात उन्हातान्हात उभे राहायचे, प्रसंगी कारवाईची नोटीसही त्यानेच घ्यायची; आणि मागणी मान्य झाली की फरकाची रक्कम मात्र कधी वर्गणीची पावतीही न फाडलेल्याच्या खात्यात त्याच दिवशी जमा व्हायची. तरीही सभासदत्व पाहून पगार ठरवावा, हे मला मान्य नाही, आणि आपल्या कायद्यालाही ते मान्य नाही. मान्यताप्राप्त संघटनेने केलेला करार त्या आस्थापनेतल्या सर्व कामगारांना लागू होतो, अशी तरतूद महाराष्ट्राने फार पूर्वीच करून ठेवली. संघटनेला मान्यता मिळवण्यासाठी 30 टक्के सभासदसंख्या पुरेशी मानणाऱ्या 1971 च्या राज्य कायद्याने (कामगार संघटनांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे यासाठीचा कायदा) उरलेल्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला दिला, तेव्हा त्या उरलेल्यांची जबाबदारीही तिच्यावर आली.

शिवाय महापालिकेत मूळ वेतन काही टेबलावरच्या वाटाघाटीत ठरत नाही. ते राज्य शासनाच्या वेतन आयोगाप्रमाणे येते. सातव्या आयोगाच्या राज्यातील वेतनरचनेत सर्वांत खालच्या श्रेणीची सुरुवात 15,000 रुपयांपासून होते आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. संघटना झगडते ती आयोग केव्हापासून लागू होणार, थकबाकी किती हप्त्यांत मिळणार, पदोन्नती का अडली, लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नेमणूक केव्हा मिळणार, यांसाठी. त्यामुळे कायम कर्मचाऱ्यांमध्ये सभासद आणि बिगरसभासद यांच्या पगारात फारसा फरक पडतच नाही.

खरा फरक दुसरीकडे आहे. रोजंदारीवर, ठोक मानधनावर किंवा ठेकेदारामार्फत काम करणारी माणसे संघटनेबाहेर असतात, ती आपखुशीने नव्हे. नोकरीचा भरवसा नसलेला माणूस सभासद व्हायला घाबरतो, आणि जुन्या संघटनांनीही त्याच्यासाठी दार पुरेसे उघडलेले नसते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कोल्हापुरातल्या व्हीनस कॉर्नर, दुधाळी, सुतारवाडा या भागांत गाळ काढणाऱ्या हातांकडे पाहून कोण कायम आणि कोण ठेकेदाराचा, हे कोणाही नागरिकाला सांगता आले नसते. गाळ तोच, त्याचा वासही तोच; पगाराची चिठ्ठी तेवढी वेगळी, आणि कित्येकांच्या हाती तर चिठ्ठीही नाही. वेतनन्यायाची चर्चा या माणसांपासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

1971 च्या त्याच कायद्याची चौथी अनुसूची पाहा. तिच्यात मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. पाचवी बाब सांगते की गुणवत्तेचा विचार न करता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित प्रथा आहे. संघटना खिळखिळी करण्यासाठी बिगरसभासदांना सवलती देणारा अधिकारी या बाबीत सापडू शकतो. लगेच पुढची सहावी बाब सांगते की कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी काम करणारा) किंवा तात्पुरता म्हणून ठेवणे हीही अनुचित प्रथाच आहे. आपल्या संघटनांनी पाचव्या बाबीवर जेवढा आवाज उठवला, तेवढा सहाव्या बाबीवर उठवला नाही, हे मी खेदाने नोंदवतो.

सर्वोच्च न्यायालयाने 26 ऑक्टोबर 2016 रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सांगितले की नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळालेच पाहिजे. कमी पगारावर राबणारा माणूस ते स्वखुशीने करत नाही, घरच्यांच्या पोटासाठी स्वाभिमान गिळून करतो, असेही न्यायालयाने त्यात म्हटले आहे. मात्र मध्ये ठेकेदार उभा केला की प्रशासन ‘हा आमचा नोकरच नाही’ असे म्हणायला मोकळे होते.

प्रशासनाची अडचण मी नाकारत नाही. जकात गेली, पुढे स्थानिक संस्था कर गेला, 2017 पासून जीएसटीच्या भरपाईपोटी येणाऱ्या राज्याच्या अनुदानावर महापालिकांची भिस्त आहे, आणि आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. पण या बंधनाचा परिणाम काय झाला? कायम पदे रिकामी राहिली आणि तेच काम ठेक्याने दिले गेले. ठेक्याचे बिल हिशेबातल्या दुसऱ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या सदरात, पडते, त्यामुळे आस्थापना खर्च कागदावर आटोक्यात दिसतो. शहराच्या तिजोरीतून पैसा जातोच. फक्त त्यातला काही भाग कामगारापर्यंत पोहोचण्याआधी ठेकेदाराच्या नफ्यात थांबतो.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांनाच सभासद करून घेतले, वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुमारे 2,700 कामगारांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब करून घेतले. कोल्हापुरातल्या संघटनांकडे माझी मागणी याच दिशेची आहे. आरोग्य, पाणीपुरवठा आणि पवडी (सार्वजनिक बांधकाम) विभागांतल्या प्रत्येक रोजंदारी व ठेका कामगाराला परवडेल अशा वर्गणीत सभासद करून घ्यावे, आणि पुढच्या मागणीपत्रात त्याच्या किमान वेतनश्रेणीची मागणी थकबाकीच्या मागणीच्या वर लिहावी. महापालिकेकडे मागणे एवढेच की प्रत्येक ठेक्यात किती माणसे आहेत, त्यांच्या बँक खात्यात दरमहा किती रक्कम जमा होते आणि भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, याचा तक्ता तिने अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावा.