टॅक्सिडर्मीचा पेशा पत्करण्यापूर्वी

(दृश्य: वस्तुसंग्रहालयाचे निसर्गविज्ञान दालन, काचेमागे रोहित पक्षी.)

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रोहित, धनेश, गवा आणि वाघ काचेमागे ज्या ऐटीत उभे आहेत, ती ऐट त्यांना कोणा माणसाच्या हातांनी दिलेली आहे, हे दालनातून फिरणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या ध्यानात येते, त्याला कधी कधी पुढचाही प्रश्न पडतो, की टॅक्सिडर्मीचे, म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी टिकवून ती घडवलेल्या शरीरावर चढवण्याचे, हे काम आपल्याला जमेल काय आणि त्यावर आयुष्य निभेल काय. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड २००३ मध्ये याच दालनातले प्राणी पाहून या कलेकडे वळले, बरेचसे स्वतःच्या प्रयत्नाने शिकले, आणि २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले, ते त्यांच्याच कौशल्याच्या आधारावर. मात्र त्या वेळी त्यांच्या हाती पशुवैद्यकाची पदवी आणि प्राध्यापकाची नोकरी आधीपासून होती, ही गोष्ट त्यांच्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने नजरेआड करू नये.

या पेशाचा विचार सहसा आवडीपासून सुरू होतो. तो कायद्यापासून सुरू व्हायला हवा, असे आमचे मत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार मरून पडलेला वन्य प्राणीसुद्धा शासनाची मालमत्ता असतो, आणि असा प्राणी किंवा त्याचा अवयव कोणाच्या ताब्यात आल्यास त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे त्याची वर्दी द्यावी लागते. रस्त्यावर गाडीखाली सापडलेले उदमांजर, विजेच्या तारेला चिकटून मेलेले घुबड, शेताच्या बांधावर मरून पडलेला मोर यांपैकी काहीही घरी आणून त्यावर हात बसवण्याची मुभा कोणालाही नाही, मग हेतू कितीही शुद्ध असो. टॅक्सिडर्मीचा व्यवसाय करण्यासाठी याच कायद्याच्या ४४ व्या कलमाखाली परवाना लागतो. १९८६ च्या दुरुस्तीने तर सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची कातडी, मुंडकी आणि त्यांपासून केलेल्या वस्तू यांच्या व्यापाराचा मार्गच बंद करून टाकला. खाजगी दुकान थाटून बिबट्या आणि सांबर विकणारा कारागीर भारतात आज कायद्याने असूच शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

एके काळी तो होता. विसाव्या शतकाच्या आरंभी युजीन व्हॅन इंगेन यांनी म्हैसूरमध्ये सुरू केलेल्या कारखान्यात संस्थानिकांनी आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांची कातडी देशभरातून येत, आणि तिथे तयार झालेल्या वाघ-बिबट्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. व्हॅन इंगेन बंधूंच्या कामातला सफाईदारपणा आजही जाणकार ओळखतात. पण शिकार थांबली, तसा त्या धंद्याचा पायाच गेला, आणि १९९९ मध्ये कारखाना बंद झाला. त्या जगाविषयी हुरहूर वाटून या पेशात येऊ पाहणाऱ्याने थांबावे. आता जे काम उरले आहे ते प्राणिसंग्रहालयात वयाने किंवा आजाराने मेलेल्या प्राण्यांचे आहे, तेही शासनाच्या लेखी परवानगीने आणि शिक्षणासाठी. जंगलात मेलेल्या वाघाच्या बाबतीत तर कातड्याची तस्करी होऊ नये म्हणून शवविच्छेदनानंतर अधिकाऱ्यांच्या समक्ष शव जाळून टाकण्याचीच पद्धत आहे.

(दृश्य: कार्यशाळेतील टेबल, मोजमापाची फीत, चिमटे, मिठाच्या गोण्या.)

काम कसे असते, ते आता नीट पाहावे लागेल, कारण इथेच अनेकांचा निर्णय होतो. प्राणी मेल्यावर घड्याळ सुरू होते. मुंबईच्या दमट हवेत काही तासांतच जिवाणू कातडीत शिरतात, केसांची मुळे सैल होतात आणि एकदा केस सुटू लागले की कोणताही उपाय चालत नाही. म्हणून शव ताबडतोब शीतपेटीत जावे लागते. सोलण्यापूर्वी मापे घेतली जातात: डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर, मानेचा घेर, पुढच्या आणि मागच्या पायांची उंची, छातीची खोली. ही मापे त्या क्षणी घेतली नाहीत, तर ती पुन्हा कधीही मिळत नाहीत. त्यानंतर कातडी उतरवायची, आणि त्यात पोटापाठीचा भाग सोपा. कस लागतो तो ओठ, पापण्या, कान आणि बोटे यांच्यापाशी, कारण तिथे कातडी कागदासारखी पातळ असते आणि पात्याची एक चुकीची हालचाल शेवटपर्यंत चेहऱ्यावर दिसत राहते. मांस आणि चरबीचा कणही मागे न ठेवता कातडी खरवडायची, मिठात मुरवायची, कमवायची, आणि दुसरीकडे त्याच मापाचे शरीर घडवायचे. पूर्वी त्यासाठी लाकडाचा भुसा, काथ्या, गवत वापरत. आता लोखंडी सळया, तारेची जाळी, प्लास्टर, फायबरग्लास किंवा फोम यांचा सांगाडा उभा करतात, आणि त्यावर मातीने स्नायू चढवतात.

हा टप्पा शुद्ध शिल्पकलेचा आहे. अमेरिकेतील कार्ल एकली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधी स्नायूंसह पुतळा आणि मग त्यावर कातडी हा क्रम प्रतिष्ठित केला, तेव्हापासून या क्षेत्रातला चांगला आणि वाईट यांतला फरक हातशिलाईपेक्षा शरीररचनेच्या ज्ञानावर ठरू लागला. वाघाची बाहुली गोल असते, घरातल्या मांजराची उन्हात उभ्या फटीसारखी होते. वाघाला मांजराचे डोळे बसवले, तर पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येणार नाही, पण काही तरी चुकले आहे हे नक्की जाणवेल. उभ्या जनावराचा भार कोणत्या पायावर आहे, त्यानुसार खांद्याचे हाड कुठे वर येते, श्वास घेताना बरगड्या कुठे दिसतात, हे ज्याने जिवंत प्राण्यात तासन्‌तास पाहिलेले नाही, त्याला मेलेल्या प्राण्यात ते आणता येत नाही. म्हणून या पेशात येऊ इच्छिणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न रक्त पाहवते का, हा नसून चित्र काढता येते का, हा आहे.

(दृश्य: लाकडी कपाटाचे खण, पाठीवर ओळीने ठेवलेले पक्षी, पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या.)

प्रेक्षकांसाठी उभ्या केलेल्या प्राण्यांखेरीज या विद्येचे दुसरे, कमी दिसणारे पण आमच्या मते अधिक मोलाचे अंग आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एक लाखाहून अधिक नमुने आहेत, आणि त्यांतले बरेच पक्षी पोटात कापूस भरून पाठीवर निजवलेले, पायाला ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधलेले असे आहेत. शाळकरी वयाच्या सलीम अलींनी मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते याच सोसायटीत गेले होते, आणि तिथल्या संग्रहाने त्यांचे पुढचे आयुष्य ठरवले.

अशा एका नमुन्याची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. वनपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीलायक दिसले नव्हते, आणि जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने होते. त्यांपैकी एक आपण १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीजवळ मिळवला, असा दावा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केला होता. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो उसवून पुन्हा भरलेला असल्याचे आढळले, आणि आत शिल्लक राहिलेल्या खुणा एकोणिसाव्या शतकात खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांच्या हाताशी जुळल्या. म्हणजे तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना होता. मांडवी आणि १९१४ ही दोन्ही खोटी ठरल्यावर शोधाची दिशा अस्सल नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी वनपिंगळा जिवंत दिसला. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने कापूस कसा भरला आणि चिठ्ठीवर काय लिहिले, यावर एका प्रजातीचा शोध अवलंबून राहिला. टॅक्सिडर्मी ही केवळ दिखाऊ कला आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाला लागलेल्या आगीत जे जळाले, त्याची भरपाई नव्या इमारतीने होणार नाही, तेही याच कारणाने.

आता पोटापाण्याविषयी. केवळ टॅक्सिडर्मीवर घर चालवता येईल इतके काम आपल्या देशात आज नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. जे आहे ते संस्थांमध्ये आहे: पशुवैद्यकीय आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचना विभाग, वस्तुसंग्रहालये, वनविभागाची निसर्ग माहिती केंद्रे, पुण्यात आकुर्डी येथे प्रादेशिक केंद्र असलेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. तिथे केवळ या कामासाठीच्या जागा थोड्या असतात, म्हणून सोबत दुसरी पात्रता असणे भाग आहे. बारावीनंतर नीट परीक्षेतून साडेपाच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी घेणे हा सर्वांत भक्कम रस्ता आम्हाला वाटतो. प्राणिशास्त्र आणि त्याला जोडून संग्रहालयशास्त्र हा दुसरा. शिल्पकलेची पदवी हा तिसरा, आणि त्याचा विचार फारसे कोणी करत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. जर्मनीत बोखुम येथे या विद्येचे तीन वर्षांचे रीतसर शिक्षण मिळते. आपल्याकडे अजूनही ती एखाद्या जाणत्याच्या हाताखाली राहूनच शिकावी लागते.

पाळीव प्राण्यांचे काम मिळू शकते, कारण कुत्रा-मांजर वन्यजीव कायद्यात येत नाहीत. घरच्या पिंजऱ्यातला हिरवा राघू मात्र त्यात येतो; तो पाळणेच बेकायदा आहे, तेव्हा कोणी तो आणून दिला तरी नाकारावा लागतो. पाळीव कुत्र्याचे काम वाघापेक्षा अवघड मानावे. वाघाचा चेहरा कोणाला पाठ नसतो, पण त्या कुत्र्याचा एक कान किंचित खाली असायचा हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि शोकात असलेल्या माणसाला आपण त्याचा प्राणी परत देणार नसून त्याची प्रतिमा देणार आहोत, हे काम हाती घेण्यापूर्वीच समजावून सांगावे लागते.

धोकेही आहेत. अठराव्या शतकापासून कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण वापरात होता, त्यामुळे जुने नमुने हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी आवश्यक असते. नव्या शवांतून रेबीज, क्षयरोग, अँथ्रॅक्स यांची बाधा होऊ शकते, म्हणून रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी आणि मृत्यूचे कारण कळल्याशिवाय शवाला हात लावू नये. तयार प्राण्यालाही कसर आणि कातडी खाणारे भुंगेरे लागतात, आणि त्याची देखभाल वर्षानुवर्षे चालते.

तरीही मन ओढ घेत असेल, तर निर्णयापूर्वी एक प्रयोग करता येतो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. बाजारातून पिसांसकट गावरान कोंबडी आणावी. तिच्या मानेवरून सुरी फिरलेली असेल आणि पिसे रक्ताने माखलेली असतील. ती थंड पाण्यात धुऊन एक एक पीस पूर्वीसारखे फुलेपर्यंत वाळवणे हाच पहिला धडा आहे. मग छातीच्या हाडावरून छेद घेऊन कातडी उतरवावी, पंखांची आणि पायांची हाडे आत राहू द्यावीत, कवटी स्वच्छ करावी, तारेवर शरीर बांधावे आणि कोंबडी उभी करावी. पहिल्या आठवड्यात ती बरी दिसेल. दोन-तीन महिन्यांनी चोचीभोवतीची कातडी आकसेल, तुरा सुकून काळवंडेल, मान अशक्य कोनात वळलेली दिसू लागेल. ती पुन्हा उघडून नेमके कुठे चुकले ते पाहण्याची इच्छा होते की ती दृष्टीआड ठेवावीशी वाटते, हे स्वतःशी प्रामाणिकपणे नोंदवावे, आणि त्यानंतरच नीटचा अर्ज भरावा किंवा भरू नये.